देवळ्याची टीम काढा

स्क्रीनवरची लोडची रेघ लाल झाली आणि सरळ वर जाऊन चिकटली, तेव्हा मोहिनीच्या तोंडात वडापावचा घास होता. शेजारच्या स्क्रीनवर ऑनलाइन गेमची फायनल रंगात आलेली आणि सगळे खेळाडू एकदम पुतळे झाले. कुणाची बंदूक हवेत, कुणी उडी मारताना मधेच लटकलेलं.

"गेलं," ती म्हणाली, आणि वडापाव कागदासकट बाजूला सारला.

आता मोहिनी करायची काय, ते ऐका. कॅनडा कॉर्नरला एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर छोटीशी कंपनी. लोकांचे ऑनलाइन गेम ज्या मशीनवर चालतात, ते मशीन सांभाळायचं. एकलहऱ्याच्या कॉलनीत कुणाचं लग्न असलं की एखादी मावशी हटकून विचारणार, "गेम खेळायचा पगार देत्यात व्हय गं तुला?" मोहिनी सरळ हो म्हणायची. खरं सांगत बसलं तर पंगत उठून जायची.

खरं असं, की एखाद्या दुकानात हजारो माणसं घुसवायची, त्यांनी घ्यायचं काहीच नाही, नुसतं दार अडवून उभं राहायचं, म्हणजे खरं गिऱ्हाईक रस्त्यावरच. गेमच्या सर्व्हरवर अस्सा हल्ला करतात. माणसांच्या जागी कुठकुठले हॅक केलेले कॅमेरे आणि राउटर, आणि असली फौज चक्क भाड्याने मिळते. ती दारात येऊ द्यायची नाही, हे मोहिनीचं काम. तिचे पप्पा एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. ते म्हणायचे, लोड आला की बटण बंद कुणीही करतं, पगार मिळतो तो चालू ठेवण्याचा.

तेवढ्यात कंपनीच्या चॅटवर कुणा बिननावाच्याचा मेसेज पडला. देवळ्याची टीम काढा, लगेच थांबवतो.

देवळ्याची टीम म्हणजे आत्ता फायनल खेळणाऱ्या, देवळा गावच्या पाच पोरी. यशश्री त्यांची कॅप्टन, तिच्या काकांच्या खताच्या दुकानामागच्या खोलीत बसून खेळायच्या. सेमीफायनलला त्यांनी एका नावाजलेल्या टीमच्या पोरांना असलं धुतलं, की ती पोरं तेव्हापासून जिथे तिथे गरळ ओकत होती. हल्ला त्यांचाच की त्यांच्या कुणा चाहत्याचा, देव जाणे. पण सर्व्हर पोरींनी मोहिनीशी फोनवर बोलून निवडलेला, आणि स्पर्धेचा नियम असा, की अर्ध्या तासात मॅच परत उभी राहिली नाही तर सर्व्हर निवडणारी टीम बाद.

मालक विहंग सर केबिनमधून आले तेच फोन कानाला लावून. त्याच मशीनवर त्यांच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचेही गेम चालत होते आणि ते गिऱ्हाईक फोनवर तापलं होतं. सरांनी मेसेज वाचला आणि म्हणाले, काढून टाक ना मग, विषय संपला. मोहिनी म्हणाली, आज यांना काढलं तर उद्या कुणीही उठेल आणि आपल्याला सांगेल कुणाला काढायचं ते.

"पाच पोरींसाठी मी धंदा बसवू का?"

मोहिनीच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता. येणारं सगळं आधी मुंबईच्या एका कंपनीच्या गाळणीतून यायचं, आणि या मशीनचा इंटरनेटवरचा खरा पत्ता गाळणीवाले आणि लाइनवाला सोडून बाहेर कुणालाच ठाऊक नव्हता. आणि हा लोंढा तर गाळणीला वळसा घालून थेट घरात. म्हणजे पत्ता फुटला होता. सर लगेच म्हणाले, तूच बोलली असशील कुणाजवळ. तिला ते झोंबलं. तिने कंपनीचं पेज उघडलं, खाली खाली गेली, आणि थांबली.

खंडेनवमीचा फोटो. मशीनला झेंडूचा हार, दारावर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे नारळ, बाजूला झब्ब्यात हसणारे विहंग सर. आणि हाराच्या बरोब्बर खाली, इंटरनेटच्या लाइनवाल्या माणसाने भलतीच वायर उपटू नये म्हणून मोहिनीने स्वतःच्या हाताने डकवलेलं स्टिकर. त्यावर ठसठशीत अक्षरांत पत्ता.

तिने स्क्रीन सरांकडे वळवली. "स्टिकर माझं, फोटो तुमचा. आता भांडत बसायचं की मॅच वाचवायची?"

मोहिनीने लाइनवाल्या सनीला फोन लावला. तो आधीच घाबरलेला, म्हणत होता मॅडम, तुमच्यामुळे अख्ख्या एरियाची लाइन हलतेय, मी तो पत्ताच बंद करतो. ती म्हणाली, नको. पत्ता मेला की त्यांना कळेल आणि ते नवा शोधतील. मॅच संपेपर्यंत त्यांना तिथेच बडवू दे.

"मॅच कुणाची?"

"देवळ्याच्या पोरींची."

मग सनी म्हणाला, "देवळ्याशेजारच्या सटाण्याचा जावई आहे मी. मी बंद केलं असं कळलं ना, तर बायको घरात घेणार नाही. बडवू दे."

ऑफिसात दुसरी एक बारकी लाइन होती, दुसऱ्या कंपनीची, फक्त सीसीटीव्हीसाठी. दहा जणांच्या मॅचला ती पुरली असती. बाकी कुणाला नाही. मोहिनीने त्या लाइनचा पत्ता गाळणीवाल्यांना कळवला, गाळणीशिवाय कुणालाही आत घ्यायचं नाही असं लावलं, आणि मशीनमागे जाऊन जुन्या लाइनच्या वायरीला हात घालून उकिडवी बसली.

"आणि बाकीची गिऱ्हाइकं?" सरांनी विचारलं.

"संध्याकाळपर्यंत बंद. मग सगळ्यांना नवे पत्ते देते."

"मोहिनी, ती वायर काढलीस तर उद्यापासून येऊ नकोस."

तिने वायर काढली. सीसीटीव्हीची तिथे खोचली. आणि अर्धा तास भरायच्या आत पुतळे हलले. उडीत लटकलेली पोर जमिनीवर आली आणि पळत सुटली.

एका स्क्रीनवर सनीच्या लाइनची लाल रेघ अजून वरच चिकटलेली. त्या पत्त्यावर आता कुणीच राहत नव्हतं आणि फौज इमानेइतबारे दार बडवत होती. दुसऱ्या स्क्रीनवर दहा जणांची बारीक हिरवी रेघ. मॅच संपेपर्यंत मोहिनी तिच्यासमोरून उठली नाही. मग बोलल्याप्रमाणे एकेका गिऱ्हाइकाला नवा पत्ता देऊन झाला, तेव्हा कुठे तिने जुडग्यातून ऑफिसची चावी काढायला घेतली. कडी घट्ट होती, नख मोडलं. चावी तिने सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी मान वर केली नाही, फोनवर ते अजून कुणाची तरी माफी मागत होते.

शालिमारला बसची वाट बघताना यशश्रीचा फोन आला. मागे बाकीच्या चौघींचा गलका.

"ताई, हारी गऊत," ती म्हणाली. आवाज रडून बसलेला. "पन खेळीसन हारी गऊत."

"पाहिलं मी. खेळून हरलात."

"पुढच्या टायमाला तुमच्याच सर्व्हरवर ना, ताई?"

बस आली. दारात ही गर्दी. मोहिनीने फोन खांद्यात दाबला आणि दांडी धरली.

"माझ्याच," ती म्हणाली. "मशीन कुठून आणायचं तेवढं बघते मी. तुम्ही सराव मोडू नका."