फुकटची माफी

लंबूनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्याच्या पाया पडलो असतो. पण गडी दवाखान्यातल्या पलंगावर पडून माझ्याकडे बघून हसतोय! एक हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, दुसऱ्याला सलाईन, पाय वजन लावून टांगलेला, आणि मला म्हणतो कसा, "दाजी, चहा घेतलात का?"

डोकंच फिरलं माझं.

लंबू म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. आम्ही दोघं एकाच ठेकेदाराकडे वायरमन. आमच्यात नियम आहे: शिडीवर जो चढेल, त्यानं मेनचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा. परवा लंबूचा खिसा फाटला होता. घरचाच माणूस म्हणून त्यानं फ्यूज माझ्या हातात दिला. मला भिंतीत दोन भोकं पाडायची होती, ड्रिलला करंट हवा होता. वर बघायचंही सुचलं नाही मला गाढवाला. फ्यूज बसवला. लंबू किंचाळला आणि धाडकन खाली आला.

ठेकेदार धावत आला. मी तोंड उघडायच्या आत लंबूच कण्हत बोलला, "फ्यूज काढायला मीच विसरलो, साहेब." आणि मी? मूग गिळून गप्प. असला धांदरट माणूस पुन्हा माझ्या कामावर नको, असं ठेकेदारानं तिथंच सांगून टाकलं.

"कुणी सांगितलं होतं तुला माझं पाप अंगावर घ्यायला?" मी ओरडलो. शेजारचा पेशंट दचकला.

"हळू बोला. ताईला दिवस गेलेत, घरात कमावणारे तुम्ही एकटे. माझं काय, मी सडाफटिंग."

"अरे, दोन थोबाडीत तरी मार मला!"

"कुठल्या हातानं मारू?" तो पुन्हा हसला. मग हसू मावळलं. "राग आला होता, दाजी. काल दिवसभर मनातल्या मनात तुम्हाला नाही नाही ते बोललो. आता नाही राहिला. माफ केलं मी तुम्हाला."

"मी अजून माफी मागितलीच नाहीये!"

"मग मागा सावकाश. माझं करून झालंय."

लाज वाटली, पण लाजेपेक्षा संताप जास्त. ही फुकटची माफी घशाखाली उतरेना.

तेवढ्यात आमच्या चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत मोडून खायचा पाव, घेऊन आले. लंबूनंच निरोप धाडला होता. मी दाराकडे सटकू लागलो. "माझी लायकी नाही, साहेब," म्हणालो. त्यांनी काही विचारलं नाही. प्रार्थना करून पावाचा तुकडा मोडला आणि माझ्या हातात ठेवला. "याचे हात अडकलेत. तुम्ही भरवा."

मी भरवला. लंबू भरल्या तोंडानं म्हणाला, "आता तुम्ही घ्या. तोवर मी गिळणार नाही."

"हट्टी कुठला!"

घेतला मी. कोरडा तुकडा चावता चावता मला कळलं की याची परतफेड मला या जन्मात जमणार नाही, आणि ती कुणी मागतही नाहीये. फार वाईट वाटलं, आणि फार हलकंही.

मी तिथंच ठेकेदाराला फोन लावला.

"दाजी, नको!"

"गप रे. साहेब, फ्यूज मी लावला होता. तो माझ्यासाठी खोटं बोलला."

पलीकडून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला. उद्यापासून तोंड दाखवू नकोस, म्हणाला.

"नाही दाखवत. पण लंबूला परत घ्या, साहेब," एवढं बोललो आणि मला रडू कोसळलं. माझे डोळे पुसायला लंबूचा एकही हात मोकळा नव्हता.