पाच मिनिटांची फळी

ड्रिल तिसऱ्यांदा घुरघुरलं आणि थांबलं. पलंगावर उशीला टेकून बसलेल्या बाईंनी डोळे न उघडताच हिशेब केला. दोन स्क्रूंवर टांगायची फळी, आणि भोकं तीन. म्हणजे एक चुकलं.

"चुकलं ना?" त्यांनी बाहेरच्या खोलीकडे तोंड करून विचारलं.

"काही चुकलेलं नाही," आप्पांचा आवाज आला. "भिंतीचा अंदाज घेत होतो."

"पंचेचाळीस वर्षं राहताय या घरात. अजून अंदाज घेताय?"

उत्तरादाखल मोबाईलमधून एका तरुण मुलीचा उत्साही आवाज आला. मंडळी, जुन्या ड्रॉवरची फळी, दोन पट्ट्या, दोन स्क्रू आणि फक्त पाच मिनिटं! तिचं सगळंच पाच मिनिटांत व्हायचं, म्हणून बाईंनी तिचं नाव पाचमिनिटवाली ठेवलं होतं. सवत आणली असती तरी यांनी तिचं इतकं ऐकलं नसतं, असं त्या शेजारणीला सांगत.

पाऊण तासाने फळी भिंतीवर चढली. पलंगावरून दाराच्या चौकटीत समोरची भिंत दिसायची आणि फळी त्या चौकटीच्या बरोबर मध्यावर आली होती. घरात एवढ्या भिंती असताना नेमकी हीच सापडली. आप्पांनी फळीवर बाईंच्या बटणांच्या तीन काचेच्या बरण्या मांडल्या, पांढऱ्या बटणांची, रंगीत बटणांची आणि कोटाच्या मोठ्या बटणांची. मग चार पावलं मागे सरून कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"कशी दिसते?"

बाईंनी चष्मा लावला. एकतीस वर्षं मुलींना शिवण शिकवलेली नजर ती. वर्गाच्या दारातून शेवटच्या बाकावरची वाकडी शिवण ओळखायची.

"डावीकडे दोन बोटं उतरलीय."

"सरळ आहे. मोबाईलच्या लेव्हलने बघितलंय मी."

"मोबाईलला डोळे आहेत का?"

"तुला तिथून तशी दिसतेय. इथे येऊन बघ, म्हणजे कळेल."

बाईंनी चष्मा काढला, घडी घालून उशाशी ठेवला आणि पलंगालगतच्या भिंतीकडे तोंड केलं.

तीन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात त्यांचा पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. वॉकर पहिल्या आठवड्यातच घरात आला आणि कोपऱ्यात उभा राहिला. आता त्यावर एक टॉवेल आणि दोन गाऊन वाळत असायचे. आठवड्यातून दोनदा येणारी व्यायामवाली म्हणायची, "हाडाने त्याचं काम केलं, बाई. आता तुमची पाळी." तिचा दंड धरून बाई चार पावलं टाकत, पाचव्याला मागे वळून पलंग गाठत. दुखण्याचं त्यांना भय नव्हतं. दोन बाळंतपणं आणि एक मुतखडा काढलेली बाई दुखण्याला काय भिणार? पण पायाखालची फरशी नाहीशी होते तो क्षण, पापणी लवायच्या आत संपलेला, त्यांच्या पायातून जात नव्हता.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, या महिन्यात चालल्या नाहीत तर पाय आखडेल, मग कुणाच्या हातात काही राहणार नाही. ते ऐकून लेकीने फोनवर चाकांच्या खुर्चीचा विषय काढला. रविवारी ती यायची होती, दारांची मापं घ्यायला. बाई म्हणाल्या होत्या, "घे बाई, आण." आप्पा शेजारीच बसले होते. लेकीचा फोन झाल्यावर त्यांनी तेवढं तिला परत लावून विचारलं, की ते घरगुती कामांचे व्हिडिओ असतात म्हणे, ते कुठे दाबल्यावर दिसतात.

तेव्हापासून घराची प्रयोगशाळा झाली.

पहिल्यांदा पाव झाला. पीठ दुप्पट फुगेल असं पाचमिनिटवालीने सांगितलं होतं. फुगलं नाही. आप्पांनी ते उन्हात ठेवलं, शालीत गुंडाळलं, शेवटी तसंच ओव्हनमध्ये घातलं. जे बाहेर आलं ते सुरीला दाद देईना. "ठेवून द्या," बाई म्हणाल्या, "दार वाऱ्याने आपटतं, त्याला लावायला होईल." खरोखरच तीन दिवस ते दाराशी होतं.

मग आली केसांची पाळी. अंडं, मध आणि थोडं तेल. अंथरुणात पडून बाईंच्या केसांचा पार झाडू झाला होता, म्हणून त्याही कबूल झाल्या. आप्पांनी पलंगावरच, मानेखाली घमेलं धरून, कढत पाणी ओतलं आणि अंडं केसांतच शिजलं. पांढरे पिवळे गोळे बटेबटेत चिकटून बसले. ते पलंगावर निघणं शक्यच नव्हतं. शेवटी आप्पांचा आणि वॉकरचा असा दुहेरी आधार घेऊन, तोंडाचा पट्टा एकसारखा चालू ठेवत, बाई न्हाणीघरातल्या स्टुलावर जाऊन बसल्या. पडल्यानंतर त्या प्रथमच तिथे पाऊल टाकत होत्या, पण रागाच्या भरात ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. पंधरा मिनिटं त्या अंडं वेचत होत्या.

आणि आता ही फळी.

आप्पांनी छत्तीस वर्षं पुलांचे आणि रस्त्यांचे नकाशे काढले होते. अजूनही कानामागे पेन्सिल असायची, तिला टोक काढल्याशिवाय सकाळचा चहा होत नसे. या घरात राहायला आले तेव्हा एका कॅलेंडरच्या खिळ्यासाठी त्यांनी अख्खा रविवार घालवला होता. जमिनीपासून माप, छतापासून माप, मग दोन्ही मापांची बेरीज जुळेना म्हणून पुन्हा माप. "तुमच्या घरात खिळासुद्धा सही घेऊन आत जातो," शेजारी म्हणायचे. त्या माणसाला आता दोन बोटांचा फरक दिसत नाही. हात गेला, नजरही गेली. आपण अशा पडलेल्या आणि हे असे उतरणीला लागलेले.

गुरुवारी सकाळी आप्पा पिशवी घेऊन निघाले.

"दूध आणि भाजी आणतो. तासभर लागेल."

"भाजीला तासभर?"

"निवडून आणतो. नाहीतर तूच बोलतेस."

दार लागलं. बाईंनी मासिक उघडलं, पण नजर पानावर ठरेना. ती तिरकी फळी डोळ्यांत कुसळासारखी सलत होती. एवढ्यात खालच्या रस्त्यावरून मोठा ट्रक गेला, खिडकीची तावदानं थरथरली आणि पांढऱ्या बटणांची बरणी केसभर डावीकडे सरकली. बाईंनी चष्मा लावला. भास नव्हता. तिच्या कडेपासून फळीच्या कडेपर्यंत चार बोटं उरली होती. त्या बरणीत त्यांच्या पहिल्या वर्गातल्या मुलींनी निरोपाच्या दिवशी एकेक करून टाकलेली बटणं होती, प्रत्येकीने आपल्या गणवेशाचं एक तोडून.

दुसरा ट्रक गेला. तीन बोटं.

"अहो!" सवयीने हाक गेली, आणि घरात कुणी नाही हे त्यानंतर आठवलं.

बाईंनी पाय खाली सोडले. वॉकर पलंगापासून हातभर अंतरावर होता. त्यावरचे टॉवेल आणि गाऊन ओढून त्यांनी पलंगावर भिरकावले, मुठी आवळल्या आणि उठल्या. फरशी जागच्या जागी होती. चौथं पाऊल टाकलं, थांबल्या. मागे पलंग होता, पुढे बरणी होती. वर्गात मुलींना सांगायच्या तसं त्यांनी मनात म्हटलं, टाका घ्या, दोरा ओढा. टाका घ्या, दोरा ओढा. पाचवं पाऊल पडलं. उंबऱ्याशी वॉकर अडला, तेव्हा त्यांनी पाचमिनिटवालीला एक शिवी हासडली आणि तो उचलून पलीकडे ठेवला. अकराव्या पावलाला हात फळीला लागला.

फळीजवळ खुर्ची होती. खुर्चीवर स्क्रूड्रायव्हर. हत्यार जागेवर गेल्याशिवाय न जेवणारा माणूस हा. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणत बाईंनी बरण्या एकेक करून खुर्चीवर उतरवल्या. भिंतीवर ड्रिलचा पांढरा भुगा तसाच होता. तो त्यांनी बाहीने पुसला आणि खाली एक रेघ दिसली.

कडक शिशाची, केसासारखी बारीक. या टोकापासून त्या टोकापर्यंत इतकी सरळ, की लेव्हल लावायची गरजच नव्हती. तिच्यावर दोन फुल्या होत्या आणि प्रत्येक फुलीभोवती आप्पांच्या सवयीचं इवलंसं वर्तुळ. उजव्या फुलीवर स्क्रू होता. डाव्या फुलीवर काहीतरी पांढरं लिंपलेलं होतं. बाईंनी नखाने खरवडलं. पुदिन्याचा वास आला. टूथपेस्ट. तिच्यामागे भोक होतं, भोकात प्लास्टिकचा गट्टू ठोकून बसवलेला, स्क्रूची वाट बघत असलेला. आणि बरोबर दोन बोटं खाली, तिसऱ्या भोकात, फळीचं डावं टोक लटकत होतं.

बाईंनी रेघेवरून एका फुलीपासून दुसरीपर्यंत बोट फिरवलं.

पाणी कोमट घ्या, कोमट, असं पाचमिनिटवालीने अंड्याच्या वेळी तीनदा बजावलेलं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मग त्यांनी पावाचा विचार केला. नाही, पाव मात्र खराच बिघडला होता. तेवढं सोंग कुणालाच वठलं नसतं.

त्यांनी खालचा स्क्रू काढला, दातांत धरला. डाव्या हाताने फळी उचलून रेघेला लावली, उजव्या हाताने स्क्रू वरच्या भोकात फिरवला. तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. शेवटचा वळसा झाल्यावर त्यांनी टेकण्यासाठी वॉकर चाचपला, तर तो हाताला लागेना. मान वळवून पाहिलं. तो दोन पावलं मागे, कोचापाशी राहिला होता. बाई तशाच उभ्या राहिल्या. मग नखातली टूथपेस्ट त्यांनी खालच्या भोकाला नीट लिंपली आणि बरण्या वर मांडल्या, पांढरी अगदी मधोमध.

कुलपात किल्ली फिरली तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या होत्या. आप्पा दारात थबकले. त्यांनी आधी रिकाम्या पलंगाकडे, मग वॉकरकडे, मग फळीकडे पाहिलं. पिशवी खाली ठेवायला त्यांना जरा वेळ लागला.

"बाजारात गर्दी होती," ते म्हणाले.

"असेल."

"फळी सरळ वाटतेय आज."

"मोबाईल लावून बघा."

आप्पांनी खरोखरच मोबाईल लावला, चष्मा कपाळावर चढवून निरखून पाहिलं. "अर्धा अंश इकडे आहे."

"मोबाईल बिघडलाय."

"तसंच असेल," ते म्हणाले आणि दूध ठेवायला आत गेले. आत गेले ते लवकर बाहेर आले नाहीत. नळ नुसताच वाहत राहिला.

"ऐकलं का," थोड्या वेळाने आतून आवाज आला. "या नळाच्या गळतीचा एक व्हिडिओ आहे. पाच मिनिटांचं काम."

"त्याला हात लावायचा नाही. मी येतेय तिकडे. आणि पाणी बंद करा आधी."

पण उठण्याआधी त्यांनी लेकीला फोन लावला. आप्पा पंचाला हात पुसत दारात येऊन उभे राहिले.

"रविवारी ये, पण मापं घ्यायला नको," बाई म्हणाल्या. "खुर्ची आणू नकोस. घरात खुर्च्या आहेत."

पलीकडून लेक काहीतरी भराभर बोलली.

"चालत बिलत नाही गं मी. तुझे वडील कामं काढतात, उठावं लागतं. आणि हे बघ, येताना एक चांगलं खोडरबर घेऊन ये. यांचं संपलेलं दिसतंय."

आप्पांचा हात कानामागच्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच राहिला. बाईंनी फोन ठेवला. दोघांपैकी कुणीच फळीकडे पाहिलं नाही.

"खोडरबर कशाला?" आप्पा शेवटी म्हणाले. "ऑफिसात आम्ही पावाच्या तुकड्याने पुसायचो. डागसुद्धा राहत नाही."

"तुमच्या पावाने? भिंत खरवडून निघेल."

"मग राहू दे."

"राहू दे," बाई म्हणाल्या आणि वॉकर ओढून घेण्यासाठी उठून दोन पावलं चालत गेल्या.