गोधडीखालची पिशवी

सासऱ्यांची लघवीची नळी योगिनीनं तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. उद्धवरावांना मूत्राशयाचा कॅन्सर, त्यात केमो चालू. सिस्टरनं बजावलं होतं, "यांच्या अंगात पांढऱ्या पेशी उरल्या नाहीत. आत्ता इन्फेक्शन झालं तर आवरणार नाही. नळीला हात लावायच्या आधी साबण, आणि पिशवी कायम कमरेच्या खाली. वर घेतली की लघवी उलटी आत जाते." योगिनीनं पलंगाला खालच्या अंगाला हूक ठोकून घेतला. भोसरीच्या त्या दीड खोलीत नवरा, नवनाथ, शिफ्टला गेला की सगळं तिच्यावरच असे, आणि अजून सासऱ्यांना साधी कणकण आली नव्हती. तिला याचा अभिमान होता. का नसावा?

रविवारी तिचे वडील अर्जुनराव बीडहून व्याह्यांना बघायला आले. माणूस खंगतो, पण व्याह्यापुढचा ताठा काही खंगत नाही. जिन्यात आवाज ऐकताच उद्धवरावांनी हुकावरची पिशवी काढून पोटावर घेतली आणि वर गोधडी ओढली. चहा घेऊन आलेल्या योगिनीला रिकामा हूक दिसला.

"मामा, जरा नीट करून देऊ का?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"ऱ्हाऊ दे गं," म्हणत त्यांनी नजर फिरवली.

जन्मदात्या बापासमोर सासऱ्याच्या गोधडीत हात घालायचा? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. इकडे गप्पा रंगल्या. जेवूनच जा, असा आग्रह उद्धवरावांनीच धरला. निघताना अर्जुनराव दारात लेकीला म्हणाले, "लई निगुतीनं ठेवलंस गं त्यांना. पिशवी लावलीया म्हनत हुते जावई, पर दिसली बी न्हाई." आणि खरं सांगायचं तर, तिला बरं वाटलं.

त्यांची पाठ वळताच तिनं पिशवी खाली लावली. मंगळवारी उद्धवरावांना थंडी भरली. दवाखान्यात नेईपर्यंत इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. पिशवी कधी वर घेतली होती का, असं डॉक्टरांनी विचारलं.

"कधीच नाही. ही फार जपते," नवनाथ म्हणाला.

"घेतली होती," योगिनी म्हणाली. "रविवारी. मी बघितलं. माझे बाबा समोर होते, म्हणून बोलले नाही."

नवनाथ तिच्याकडे बघतच राहिला.

गुरुवारी उद्धवराव गेले. डॉक्टर भला माणूस. तिला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही."

हो म्हणाला असता, तर ती एकदाच रडून मोकळी झाली असती.