खिशातला चष्मा

“आबा, डबीतच होता हो! निघताना म्या माझ्या हातानं ठिवला होता.”

अपेक्षानं पिशवी उपडी केली. हातमोजा, टॉवेल, छर्‍यांची डबी, अर्धं खाल्लेलं केळ, सगळं परभणीच्या त्या नेमबाजीच्या शेडमध्ये फरशीवर पसरलं. चष्म्याची काळी डबी रिकामीच होती. तिचा बाप चंद्रभान गुडघे टेकून बाकाखाली डोकावला, तिच्या जाड जॅकेटच्या बाह्या झाडल्या. “यष्टीत तर न्हाई पडला?” असं त्यानं विचारलंही. आपलाच आवाज त्याला परक्याचा वाटला.

चष्मा त्याच्या सदऱ्याखाली, बंडीच्या खिशात होता. वाकलं की त्याची दांडी बरगडीला टोचत होती.

चंद्रभान गंगाखेडजवळच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. काट्यात कधी लबाडी केली नाही, एवढीच त्याची मिरवायची गोष्ट. पोरीचा नेम बघून, नेमबाजी शिकवणाऱ्या शुभदा मॅडमनी तिला रायफल दिली, तेव्हा त्यानं गावभर पेढे वाटले होते. मग कळलं, तिच्या नजरेत थोडा दोष आहे. साधा चष्मा चालेना. गाल रायफलीवर टेकवला की नजर काचेच्या कोपऱ्यातून जायची आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, पुसट व्हायची. शेवटी मॅडम तिला वीरुपाक्षशेटच्या चष्म्याच्या दुकानात घेऊन गेल्या. तिथं तिनं नेम धरल्यासारखं उभं राहून एकामागून एक भिंगं लावून बघितली. “टार्गेट थोडं पुसट दिसलं तर दिसू दे,” शेट सांगत होते, “माशी तेवढी लख्ख पाहिजे.” तिच्यासाठी खास चष्मा तयार झाला: एका डोळ्यापुढं दांडीवर बसवलेलं गोल भिंग, दुसऱ्या डोळ्यापुढं पांढरी झापड. डोळा मिटून ताण येऊ नये म्हणून.

तो घालून अपेक्षा ओट्यावर सराव करायला लागली, तेव्हा शेजारचा पंडित खदखदून हसला होता. “चंद्रभान, पोरगी एकडोळी झाली का रं?”

ते हसणं चंद्रभानच्या मनातून गेलं नाही. त्यात आज पूर्णा गावचे बन्सीधरराव, ज्यांच्या पोराशी तिची सोयरीक जुळत होती ते, पोराला घेऊन स्पर्धा बघायला येणार होते. “डोळ्याला काई न्हाई ना?” त्यांनी फोनवर विचारलं होतं. “काई न्हाई,” असं चंद्रभान बोलून बसला होता. म्हणून शेडमध्ये पोहोचल्यावर पोरगी चहा आणायला गेली तेवढ्यात त्यानं डबीतून चष्मा काढून घेतला होता.

अपेक्षाचं नाव पुकारलं गेलं. मॅडमनी दुसऱ्या मुलीचा चष्मा देऊन पाहिला. त्याचं भिंग तिच्या डोळ्याला लागेना. ती तशीच उभी राहिली. डोळे बारीक करी, रायफल खाली घेई, पुन्हा उचली. चंद्रभानला वाटलं, आता उठावं, द्यावा. पण शेजारी बन्सीधरराव बसले होते, आणि चष्मा बापाच्या बंडीतून निघाल्यावर काय सांगायचं? तो बसून राहिला. राज्य स्पर्धेची निवड तिच्या हातून गेली, ती त्याच्यादेखत गेली.

“पोरगी नाकीडोळी छान हाय,” बन्सीधरराव उठता उठता म्हणाले. “बंदुकीचं मात्र काई खरं न्हाई बगा तिचं.”

चंद्रभान हसला. हो म्हणून मानही हलवली. अपेक्षा तिथंच जॅकेटची बक्कलं सोडत होती.

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. गंगाखेड आल्यावर त्यानं पिशवी उचलली आणि म्हणाला, “हे बघ गं, बाजूच्या कप्प्यातच हाय की!” तिनं चष्मा हातात घेतला. भिंगाची दांडी वाकडी झाली होती. तो कप्पा तिनं सगळ्यांसमोर उलटा केला होता. तिनं तो डबीत ठेवला आणि डबी बंद केली. त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दोन दिवसांनी बन्सीधररावांचा फोन आला. पोरगी पसंत होती.

“राव, एक सांगायचं राहिलं,” चंद्रभान म्हणाला. “पोरीच्या डोळ्याला नंबर हाय. म्या खोटं बोललो. त्या दिवशी तिचा चष्मा बी म्याच दडवला होता.”

“कळवतो,” म्हणून बन्सीधररावांनी फोन ठेवला. वळून बघतो तर दारात अपेक्षा उभी.

“माय, म्या…” तो तिला म्हणू लागला.

“ठाव हाय मला. यष्टीतच कळलं.” तिनं डोळे पुसले, आत गेली आणि चष्मा घालून बाहेर आली. हातात रायफलीऐवजी धरायची सरावाची काठी होती. “शेटनी दांडी सरळ केली, पण भिंग डोळ्यासमोर नीट आणायचं राहिलंय. एकटीला जमत न्हाई. समोरून कुणीतरी बघावं लागतंय.”

अंगणात ऊन पडलं होतं. तिनं काठी खांद्याला लावली, गाल टेकवला, मान स्थिर केली.

“इथं या, नीट समोर. बुबुळ भिंगाच्या मधोमध दिसतंय का सांगा.”

चंद्रभान तिच्यापुढं उभा राहिला. त्याची नजर खाली गेली, तिच्या पायांवर.

“आबा, खाली न्हाई. डोळ्यात बघा.”

त्यानं मान वर केली. गोल काचेच्या आत तिचा डोळा होता, लालसर, उघडा, त्याच्याकडंच रोखलेला. तो बघत राहिला, पण भिंगाची कड पुसट झाली, बुबुळही पुसट झालं.

“सांगा की,” ती म्हणाली. काठी जराही हलली नाही.