फरशीतला पट्टा

दत्तरावांनी काळ्या फरशीवर काठी आपटली.

"ह्यो डाग कशाचा? काळीभोर सांगितली व्हती मी. तेजाब सांडलं हिनं!"

हिनं म्हणजे पंचफुलानं. सेलूच्या ह्या दुकानात सात वर्षं फरश्या घासून तिची बोटं पांढरी पडली होती. फरशीत बोटभर रुंद राखाडी पट्टा होता खरा, पण तो काही तिनं पाडला नव्हता.

"न्हाई सांडलं, मालक. देवाशपथ."

"उद्यापासून येऊ नको," मालक सूर्यभान म्हणाला. गिऱ्हाईक मोठं, बाई गरीब. न्याय करायला कितीसा वेळ लागतो!

दत्तरावांची सून शुभदा दाराशी पदर घेऊन उभी होती. ओट्याचं माप सांगायला आणलेली. परक्या माणसांत सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही त्या घरची रीत. दगडांचं शास्त्र शिकून पदवी घेतलेली, तरी तीन वर्षं तिनं ती पाळली होती. पंचफुलानं कोपऱ्यातला जेवणाचा डबा उचलला, तेव्हा मात्र तिला राहवेना.

"फरशी उलटी करा."

दत्तरावांना आधी कळेचना, कोण बोललं.

"तेजाबाचा डाग वरच्यावर राहतो. ह्यो पट्टा मागंबी असंल."

सूर्यभाननं गड्याला हाक मारली. दोघांनी फरशी उलटली. पट्टा मागेही होता, जरासा तिरका सरकलेला.

"हा दगड जमिनीच्या पोटात वितळलेला होता," शुभदा पुढं होत म्हणाली. "वर येऊन झटकन निवला असता तर आपल्या विहिरीतल्या काळ्या कातळासारखाच बारीक कणांचा झाला असता. आतच राहिला, हळूहळू निवला. पाकात खडीसाखर धरते तसे त्यात खडे धरले. जड काळे तळाला बसले, त्यांच्यावर फिकट्यांचा थर, परत काळ्यांचा. हजारो वर्षं लागली. ह्यात ह्या मावशींनी काय केलं?"

"तुला कुणी इचारलं गं?"

"कुणीच न्हाई, मामा."

सूर्यभान खाकरला. "पंचफुला, ठेव डबा." मग दत्तरावांकडे वळून, "दुसरी दाखवू का?"

"हीच बसवा," दत्तराव दात खात म्हणाले. "शेगडीच्या म्होरं. भाकरी थापताना रोज दिसू दे हिला, कुठं जीभ चालवली ते."

शुभदानं पदर सारखा केला. वाकून पट्ट्यावर बोट ठेवलं.

"मावशी, कापताना हा मधोमध येऊ द्या. आन् चांगला घासा."