पायाळू महाराजांची लाथ

लाथ खायला लागलेली रांग मी मुळशीत पाहिली. मंगल कार्यालयाच्या सतरंजीवर कंबरदुखीचे भक्त पालथे पडलेले. पायाळू महाराज एकेकाच्या टाचा जुळवून सांगत होते, "डावा पाय बोटभर आखूड. खुबा सरकलाय." मग कमरेत लाथ, की पाय सारखे. बायका हात जोडत होत्या.

महाराज जन्मताना पायांकडून आले, म्हणून म्हणे लाथेला गुण. डोक्याकडून आले असते तर थोडी अक्कल तरी आली असती.

पुढचा नंबर माझ्या साळूआत्याचा. वय सत्तर. "उठबस केलीस तर खुबा निसटंल," असं महाराजांनी डोक्यात भरवल्यापासून ती खाटेवरच. आज तिला चौघांनी उचलून आणलेलं.

"आत्या, लाथेनं मणका मोडंल," मी म्हणालो.

"मोडलेलाच हाय की. म्हाराज म्हनलं."

तेवढ्यात आत्याची सून रोहिणी पुढे आली. ती फिजिओथेरपिस्ट. "महाराज, तुमचे पाय बघू."

"आमचं कशाला? देवाचं माप हाय ते."

"झोपा की," दोन लाथा खाऊन बसलेला कुशाबा म्हणाला. "आमी झोपलोच न्हवं?"

महाराज पालथे झाले. रोहिणीने टाचा जुळवून दोन्ही पाय जरा उजवीकडे नेले. "डावा आखूड." डावीकडे नेले. "आता उजवा आखूड." मध्ये आणले. "झालात बरे. लाथ तेवढी राहिली."

"ती मी घालतो," कुशाबा उठला.

महाराज देवाच्या मापाच्या दोन्ही पायांनी पळाले.

"पाय नेले त्या बाजूची टाच पुढे दिसते. हाड जागचं हलत नाही," रोहिणी म्हणाली. झालं, सगळं कार्यालय एकमेकांच्या टाचा ओढायला लागलं. "माझा उजवा वाढव गं," कुणीतरी म्हणत होतं.

रोहिणीने मात्र आत्याला हळूच खुर्चीवर बसवलं. "आई, आता उठा. मांडीवर हात रेटा. कुठं दुखतं ते सांगत राहा." आत्या उठली. बसली. पुन्हा उठली आणि भिंतीपर्यंत चालून आली.

"दुखतंय अजून," ती म्हणाली. "पण मोडलेली न्हाई मी."

कंबर दुखते त्यांनी ऐका. खरा जाणकार तुम्हाला चालवून, बसवून, उठवून बघतो आणि कधी, कुठं दुखतं ते विचारतो. जो टाच धरून भीती घालतो आणि लाथ मारून ती काढतो, त्याला प्रश्न विचारा. पालथे पडून नको. उभं राहून विचारा.