डाव्या हाताचं टोपरं

बेबीताईंच्या तोंडी लागायची दारव्ह्यात कोणाची छाती नव्हती. एसटीतून रिटायर झालेल्या कंडक्टरची ही बायको. नवऱ्याने जन्मभर भरल्या गाडीत जेवढी माणसं गप्प केली नसतील, तेवढी हिने आपल्या ओसरीवर बसल्या बसल्या केली. पण क्रोशाची सुई हातात आली की बाई वेगळीच. बोटं अशी चालायची की बघणारीच्या हातातला चहा थंड व्हावा. तोरणं, रुमाल, लेकरांची टोपरी, मोबाइलच्या पिशव्या, काय म्हणून केलं नव्हतं त्यांनी. आणि शिकवायच्या फुकट, ज्याला यायचं त्याने यावं.

फुकट म्हणजे स्वस्त मात्र नव्हे. दर गुरुवारी दुपारी ओसरीवर चादर अंथरली जायची आणि आठवडाभरात जिने जे विणलं ते तिने मधोमध ठेवायचं. सगळ्या जणी हातात घेऊन बघणार, ओढून बघणार, आणि शेवटी बेबीताई एक शब्द बोलणार. "चालते" म्हटलं तर जिंकली. "उसव" म्हटलं तर तिथेच, सगळ्यांसमोर, सगळा धागा उसवायचा. काही जणी रडल्याही होत्या. पण क्लास सोडून कोणी गेली नाही, कारण बेबीताईंनी पास केलेली चीज धुऊन धुऊन विटेल, पण आकार सोडणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पायल तिथे आली ती भीत भीतच. लग्न होऊन ती फुलसावंगीहून दारव्ह्याला आली होती, आणि इकडे तिचा संसार लागतो न लागतो तोच तिकडे तिच्या भावाला, राजदीपला, मुलगी झाली. पायल आत्या झाली. बारसं तीनेक महिन्यांनी करायचं ठरलं. बारशाला झबलं-टोपरं न्यायचं आणि बाळाच्या कानात नाव सांगायचं, हा आत्याचा मान. तिचा नवरा कपिल म्हणाला, "बाजारात मस्त मिळते, घेऊन टाकू." पण पायलच्या मनाने घेतलं होतं की टोपरं न्यायचं तर आपल्या हातचं. आणि तिचा हात म्हणजे डावा.

पायल जन्माची डावखुरी. तिची माय मथुराबाई कापूस वेचणारी, कष्टाची बाई, लेकीवर जीव टाकणारी. पण लेकीने डाव्या हाताने घास उचलला की त्या हातावर फटका ठरलेला. "सासरी डाव्या हातानं वाढशील तं लोकं तुले नाही, मले नावं ठेवतीन," म्हणायची. मार खाऊन खाऊन उजव्या हाताला जेवणं आलं, लिहिणं आलं. बाकी सगळं डाव्याकडेच राहिलं, आणि चारचौघांत पायल तो हात पदराआड ठेवायला शिकली. त्याच हाताने केलेलं काहीतरी देखणं भाचीच्या डोक्यावर चढवायचं, तेही मायच्या देखत, एवढंच तिला हवं होतं.

पहिल्या दिवशी बेबीताईंनी सुई तिच्या उजव्या हातात दिली. सुई सगळीकडे गेली, टाक्यात काही गेली नाही. मग डाव्या हातात दिली आणि स्वतः समोर बसल्या. "आरशात पाह्यल्यावानी पाह्य," म्हणाल्या, आणि त्यांचा हात सुटला. आता तो वेग कोणाच्या बापाला धरता येणार? पायल म्हणाली, "ताई, जरा हळू करा न." बेबीताईंनी हळू केलं आणि त्यांचाच टाका चुकला. पुन्हा केलं, पुन्हा चुकला. खोटं कशाला बोला, जन्मभर सायकल चालवणाऱ्याला 'पायडल कसं मारता हो' म्हणून विचारलं की तो पडायचाच. पण पडल्याचा राग बेबीताईंनी काढला पायलवर. "पालथ्या घड्यावर पाणी," म्हणाल्या. पायलने घरी मोबाइलवर शोधलं, तर तिथल्या बायांची नखंच दिसायची, टाका दिसायचा नाही.

असे दोन-तीन गुरुवार गेले. शेवटी विमलताई, बेबीताईंची सगळ्यात जुनी शिष्या, मायेनेच म्हणाली, "हे डावखोऱ्यायचं काम नोहे, बाई. दुसरं काही शीक." पायलने बेबीताईंकडे पाहिलं. कोणी एक बोललं तर चार ऐकवणारी बाई, पण त्या दिवशी गप्प राहिली. ते गप्प बसणं पायलला फार लागलं. घरी येईपर्यंत तिने डोळ्यांतलं पाणी धरून ठेवलं, आणि चप्पल काढता काढता सोडून दिलं.

पुढच्या गुरुवारी सगळ्यांना निरोप आला, क्लास बंद. त्याच्या पुढच्या गुरुवारीही बंद. पायलला वाटलं, झालं, आपल्यापायी बाई शिकवण्यालाच विटली. बारसं जवळ येत होतं. आता बाजारातलंच घेऊ म्हणून तिने मनाची समजूत घातली आणि बेबीताईंची सुई परत करायला निघाली.

ओसरीवर बेबीताई एकट्याच होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ दातांत, आणि सुई डाव्या हातात. पायलची चाहूल लागताच त्यांनी हातातलं काम झटकन पदराखाली घातलं. पदराखाली काय लपवतात ते पायलला कोणी सांगायची गरज नव्हती.

"काय करून राह्यल्या ताई?"

"दिसत नाही काय? मरून राह्यली." बेबीताईंनी काम बाहेर काढलं. हातभर साखळी होती, एक टाका टपोरा, दुसरा आवळलेला, तिसरा भलतीकडेच. पायलच्या पहिल्या दिवसाच्या साखळीहून वाईट.

"ह्या उजव्याले विचारलं, बापा, तू टाका घालतं कसा, तं तो सांगतच नाही," बेबीताई म्हणाल्या. "निस्ता करून दाखवते. मंग म्हटलं, डाव्याले शिकवू. ह्याले ढेकळ येत नाही, तं ह्याले एकेक गोष्ट सांगा लागते. धागा कोणत्या बोटावरून घ्याचा, ताण कोणी धराचा, सुईचं तोंड कवा फिरवाचं. ह्याले सांगता आलं तं तुले सांगता येईन."

"पण माझ्यापायी एवढा तरास कायले?"

"विमल बोलली तवा मले बी वाटलं, खरंच हाय, हिले नाही जमणार. अन् मंग मलेच माझी लाज आली. मले शिकवता येत नाही अन् तुले जमत नाही म्हणाचं, हा कुठचा न्याय वं?"

ज्या हाताची अख्खं दारव्हा तारीफ करतं तो हात बाजूला ठेवून ही बाई ह्या वयात पहिलीच्या पोरीसारखी साखळी गिरवत बसली होती, आणि कोणासाठी, तर आपल्यासाठी. पायलला एकदम वाटलं, ह्या बाईच्या पाया पडावं. पण पाया पडलेलं बेबीताईंना खपत नसे, म्हणून ती नुसती त्यांच्या शेजारी बसली आणि आणलेली सुई परत न करता डाव्या हातात धरली.

त्या दिवसापासून दोघी एकाच वर्गात. समोरासमोर नाही, शेजारी शेजारी, दोघींची सुई डाव्याच हातात. आता बेबीताईंना सांगता यायचं, कारण कुठे अडतं ते त्यांचं त्यांनाच कळायचं. साखळी झाली, मग मुका खांब आणि खांब हे पुढचे टाके झाले. पायलचा हात मुळातच डावा, तो बघता बघता पुढे निघाला. बेबीताईंचा काही वळेना. "तुमी धागा लय आवळता ताई," पायल हळूच म्हणायची, आणि ज्या बाईने कोणाचं ऐकलं नाही ती धागा ढिला सोडायची.

बारशाच्या आधीच्या गुरुवारी पुन्हा चादर अंथरली गेली. पायलने आपलं टोपरं मधोमध ठेवलं. फिक्कं पिवळं, कडेला पांढऱ्या पाकळ्या. त्यावर बेबीताईंचा शब्द मिळाला तरच ते फुलसावंगीला जाणार होतं, हे तिने ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात बेबीताईंनी पिशवीतून आणखी एक टोपरं काढून चादरीवर ठेवलं. ते वरून मुळ्यासारखं निमुळतं झालं होतं आणि एका अंगाला कललं होतं.

विमलताईने उचलून पाहिलं. "कोणाचं हाय हे?"

"माझं. डाव्या हाताचं. सांगा, कसं हाय?"

कोणी लोकरीचा गुंडा आवरत बसली, कोणी चष्मा पुसत.

"पायल, तू सांग."

शेंड्यापाशी टाके वाढवायचे राहून गेले होते, ते पायलला लांबूनच दिसत होतं. पण गुरूला कोणत्या तोंडाने सांगायचं? चालते म्हणून मोकळं व्हावं तर त्या शब्दाची किंमतच गेली, आणि आपल्या टोपऱ्यासाठी तिला तोच शब्द हवा होता.

"उसवा, ताई," ती म्हणाली. "वरतून टाके वाढवले नाही तुमी."

बेबीताईंनी टोपरं घेतलं, शेवटची गाठ सोडली आणि सगळ्यांसमोर धागा ओढायला लागल्या. कुरकुर नाही, कपाळावर आठी नाही. सगळं उसवून झालं तेव्हा त्यांनी पायलचं टोपरं मुठीवर चढवलं, चहूबाजूंनी ताणलं, उलटं करून आतले टाके पाहिले.

"चालते," त्या म्हणाल्या. मग विमलताईकडे वळल्या. "मले जमलं नाही ते हिनं केलं. डावखोऱ्यायचं हे काम नोहे म्हणे."

विमलताई मोकळेपणाने हसली आणि तिने पायलची पाठ थोपटली. पायलला मात्र काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते.

बारशाला ती पुसदपर्यंत एसटीने आणि पुढे काळी-पिवळी जीपने फुलसावंगीला गेली. घरी त्रिशरण-पंचशील झालं, पाळणा झाला, आत्याने बाळाच्या कानात 'प्रेरणा' असं नाव सांगितलं आणि डोक्यावर टोपरं चढवलं. ते असं बसलं की बाया नाव विसरून टोपरंच बघायला लागल्या. कुठून आणलं, केवढ्याचं, कोणी केलं? पायल म्हणाली, "म्या केलं." मग काय, दाखव म्हणून सगळ्या भोवती बसल्या.

तिने पिशवीतून सुई-लोकर काढली आणि सुई आपसूक डाव्या हातात गेली. समोर माय बसलेली. "हे तं उलटंच दिसते वं," एक जण म्हणाली. "आमाले कसं समजन?"

पायलला बेबीताईंची ती हातभर साखळी आठवली. तिने सुई उजव्या हातात घेतली. "थांबा, मी पयले उजव्यानं शिकतो, मंग तुमाले सांगतो." टाका घातला, निसटला. पुन्हा घातला, पुन्हा निसटला. तिला त्याचं काही वाटलं नाही, पण मथुराबाईंना बघवेना. त्या उठून जवळ आल्या आणि लेकीच्या उजव्या हातातली सुई काढून घेतली.

"इचं डाव्यानंच चांगलं होते," त्या बायांना म्हणाल्या. आणि लेकीजवळ बसत म्हणाल्या, "मले शिकव. मी बी डाव्यानंच शिकतो."

कापसाच्या बोंडांनी चरे पडलेला आपला डावा हात त्यांनी पुढे केला. पायलने त्यात सुई नीट धरवली आणि धागा उजव्या हाताच्या कोणत्या बोटावरून घ्यायचा ते मायला सांगायला लागली.